पैशाला हात लावणाऱ्या बाया

पोळ्याला आमच्याकडे पत्ते बसतात. विदर्भाबाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो बघतच राहतो. बैलांचा सण आणि जुगार, यांचा संबंध काय? संबंध मलाही माहीत नाही. पण तोरण तुटलं, पुरणपोळ्या झाल्या, की नागपुरात घरोघरी सतरंज्या अंथरल्या जातात आणि तान्ह्या पोळ्याच्या सकाळी पेपरात धाडींच्या बातम्या असतात. आमच्या महाल भागातल्या जुन्या घरी पुढच्या खोलीत काका, त्यांचे मित्र, आतेभाऊ, शेजारचे दोन-तीन पोक्त गृहस्थ असे बसायचे. चहा आई करायची. आलूभजे काकू तळायची. आजी ओट्यावर पानाचा डबा घेऊन बसायची. ती हवा खायला बसली आहे असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. गल्लीच्या तोंडाशी कोणी अनोळखी दिसलं की ती मोठ्यानं खाकरायची आणि आत पत्ते गादीखाली जायचे.

प्रत्येक डावातून नाल निघायची, म्हणजे खेळ बसवणाऱ्या घराचा वाटा. ती एका डालड्याच्या डब्यात पडायची. रात्रभर खपणं बायांचं, पहारा आजीचा, आणि सकाळी डबा उचलायचे काका. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. आईला एकदा विचारलं, तू का नाही बसत खेळायला, तर म्हणाली, "काहून? घरंदाज बाया पत्ते खेळत असतात का?" जुगाऱ्यांसाठी पहाटे तीनला चहा टाकणं मात्र घरंदाजपणात बसत होतं.

पुढे मी बँकेत लागले. मग बायका, पैसा आणि रात्र या तीन गोष्टी एकत्र आल्या की लोकांना नेमकं काय खुपतं, याकडे माझं लक्ष जायला लागलं. माझ्या पहिल्या शाखेत मला कॅशवर बसवत नव्हते. कारण फार प्रेमळ होतं. संध्याकाळी कॅश टॅली होत नाही, उशीर होतो, मॅडमना घर आहे, लहान मूल आहे. कॅशच्या खिडकीला वेगळा भत्ता होता, तो प्रेमाच्या बोलण्यात कुठेच यायचा नाही. मी बसले पत्रव्यवहाराच्या टेबलावर, आणि तिथेही सहा वाजायचेच. मार्चमध्ये तर आठ. तेव्हा कोणाला माझं मूल आठवलं नाही.

मावशीचं याहून थेट. बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, तिच्या घरच्यांचा लॉटरीचा स्टॉल होता. महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली १९६९ साली, आणि पुढच्या काही वर्षांत चौकाचौकात ती छोटी टेबलं आली. दोरीला चिमट्यांनी लटकवलेली तिकिटं आणि मागे पुठ्ठ्यावर लिहिलेले गेल्या सोडतीचे आकडे. एजन्सी मावसोबांच्या नावावर, बसायची मावशी. तिच्याकडे बँकवाल्यांनाही लाजवेल अशी स्मरणशक्ती होती. कोणाला शेवटी सात लागतो, कोण गुरुवारीच घेतो, कोणाच्या बायकोला सांगायचं नाही, सगळं तोंडपाठ. मावसोबा गेले तेव्हा एजन्सी दिराच्या नावावर झाली. मावशी त्याच टेबलावर बसत राहिली, फक्त आता रोजीवर. एकदा त्या स्टॉलवरच्या तिकिटाला मोठं बक्षीस लागलं. विक्रेत्यालाही त्यात वाटा असतो. पेपरात हार घातलेला फोटो आला दिराचा. मावशीनं तो कापून ठेवला होता, कारण फोटोत मागे तिचा डबा दिसत होता. दीर वाईट माणूस नव्हता. तो एवढंच म्हणाला, "वहिनी, बाईमाणसाच्या नावावर लॉटरी बरी दिसत नाही." दिवसभर भर चौकात बाईमाणूस त्या लॉटरीमागे बसलेलं बरं दिसत होतं.

जुगार आणि बाई हे शब्द एकत्र आले की आपल्याकडे कोणी ना कोणी द्रौपदी काढतोच. काढू द्या. ती पणाला लागली होती. मी बोलतेय ती फासे मांडणाऱ्यांविषयी, पैसे मोजणाऱ्यांविषयी, आणि त्यांचा इतिहास सभापर्वाइतका जुना शोधायला नको. अमेरिकेतल्या नेवाडा राज्याचा गेल्या शंभर वर्षांचा बघितला तरी पुरतो.

नेवाडानं जुगार कायदेशीर केला १९ मार्च १९३१ला. दुसऱ्याच दिवशी लास व्हेगासमधला पहिला परवाना निघाला तो एका बाईच्या नावावर, मेम स्टॉकर हिच्या. फ्रीमाँट स्ट्रीटवरचा नॉर्दर्न क्लब. ऐकायला किती छान वाटतं. पण तिच्या नावावर का? तर नवरा रेल्वेत नोकरीला, आणि रेल्वेला आपल्या माणसानं असला धंदा करणं पसंत नव्हतं. आपल्याकडे सरकारी नोकराची बायको पेट्रोल पंपाची मालकीण असते, तसलाच हा प्रकार. मावशीच्या दिराला बाईचं नाव नको होतं, स्टॉकर घराण्याला पुरुषाचं नको होतं. नाव कोणाचं हे ज्याच्या त्याच्या सोयीनं ठरलं, टेबलामागे बसलेल्याच्या सोयीनं नाही.

रिनो हे नेवाडातलं दुसरं जुगाराचं शहर. तिथे १९३५मध्ये हॅरोल्ड्स क्लब उघडला आणि त्या स्मिथ बापलेकांनी बायकांना डीलर म्हणून ठेवायला सुरुवात केली. डीलर म्हणजे पत्ते वाटणारी, पैज घेणारी, जिंकलेल्याला चिप्स मोजून देणारी. स्मिथांना स्त्रीमुक्तीचं काही पडलं नव्हतं. बायका टेबलामागे असल्या की जागा भल्या माणसांची वाटते, बायका खेळायलाही येतात, एवढा त्यांचा हिशोब. मग महायुद्ध आलं, पुरुष लढायला गेले, रिनोत डीलर बायांची संख्या वाढली. त्यांना काम जमतं की नाही हा प्रश्न तिथेच निकालात निघाला. दिवसाला हजारो हात वाटायचे, गणित डोक्यात करायचं, दारू प्यायलेल्या माणसाला हसून थांबवायचं, आणि यातलं काही चुकलं तर वरून बघणारा असतोच. काकूनं आणि आईनं सतरंजीभोवती हेच केलं होतं, बिनपगारी.

लास व्हेगासनं मात्र उलटं केलं. १९५८ साली तिथल्या नगर आयुक्त मंडळानं बाया डीलर नकोत असा ठराव केला. बाया पुरुषांच्या, म्हणजे घर चालवणाऱ्यांच्या, नोकऱ्या खातात, ही ओरड त्यामागे होती. स्ट्रिप, म्हणजे बड्या कॅसिनोंचा तो झगमगाटाचा प्रसिद्ध रस्ता, नगराच्या हद्दीबाहेर आहे, त्याला हा ठराव लागू नव्हता. तिथे ठरावाची गरजच पडली नाही. रिवाजानंच काम झालं.

या सगळ्यात मला कॅशियर म्हणून सगळ्यात जास्त रस आहे तो टिपमध्ये. डीलरचा मूळ पगार तुटपुंजा असतो. खरी कमाई टिपची, आणि मोठ्या पैजांच्या टेबलावर ती एका रात्रीत महिन्याच्या पगाराला मागे टाकू शकते. कॅसिनोत बाया त्या काळातही भरपूर होत्या. तोकड्या कपड्यांत दारूचे ट्रे फिरवणाऱ्या होत्या, केनो या आकड्यांच्या खेळाच्या चिठ्ठ्या पळवणाऱ्या होत्या, कमरेला नाण्यांचा जड पट्टा बांधून मशिनींमध्ये सुटे पैसे वाटत हिंडणाऱ्या होत्या. रात्रपाळी होती, धूर होता, दारुडे होते, अंगचटीला येणारे होते. तिथून त्यांना कोणी वाचवायला आलं नाही. बंदी आली ती एकाच जागी. त्या जागी अंगावर पूर्ण बाह्यांचा शर्ट असतो, गिऱ्हाईक आणि आपण यांच्यामध्ये हातभर रुंद टेबल असतं, आणि कमाई सगळ्यात जास्त असते.

एकदा हे दिसलं की ते सगळीकडे दिसायला लागतं. मिशिगन राज्यात कायदा होता की मोठ्या शहरांत बाईला बारटेंडर होता येणार नाही, अपवाद बारच्या पुरुष मालकाची बायको किंवा मुलगी. डिअरबॉर्नमधली एक बारमालकीण, गोसार्ट, कोर्टात गेली. तिचा स्वतःचा बार, पण ती स्वतः काउंटरमागे उभी राहू शकत नव्हती आणि तिची मुलगीही नाही, कारण मालक पुरुष नव्हता. १९४८मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं कायदा वैध ठरवला. नैतिकतेचा प्रश्न आहे म्हणे. त्याच बारमध्ये त्याच दारूचे पेले ट्रेमध्ये घालून वाढायला बाईला पूर्ण मुभा होती. वेट्रेसची नैतिकता टिकाऊ असावी.

इंग्लंडमध्ये घोड्यांच्या शर्यती. फ्लॉरेन्स नेगल नावाची बाई वर्षानुवर्षं घोडे तयार करत होती, घोडे शर्यती जिंकत होते, पण शर्यतींचा कारभार बघणारा जॉकी क्लब बायकांना ट्रेनरचा परवाना देत नव्हता. परवाना तिच्या तबेल्यातल्या नोकराच्या नावावर! मालकीण ती, शिकवणारी ती, पगार देणारी ती, आणि कागदावर तिचा गडी. १९६६मध्ये अपील कोर्टानं तिची तक्रार ऐकण्याजोगी आहे असं म्हटल्यावर क्लबनं मुकाट्यानं परवाना दिला. मावशी असती तर हे ऐकून खूप हसली असती.

नेवाडात कृष्णवर्णीय बायांची वाट दुहेरी बंद होती. सॅरॅन नाइट प्रेडी १९४२मध्ये लास व्हेगासला आली. शहराच्या पश्चिमेकडची कृष्णवर्णीयांची वस्ती गोऱ्यांच्या कॅसिनोंपासून वेगळी ठेवलेली, तिथल्याच क्लबात केनोच्या चिठ्ठ्या लिहिता लिहिता ती पत्ते वाटायला शिकली. १९५०मध्ये हॉथॉर्न नावाच्या छोट्या गावात तिनं स्वतःचा क्लब घेतला आणि नेवाडात जुगाराचा परवाना मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय बाई ठरली. लास व्हेगासच्या बड्या कॅसिनोंचे दरवाजे तिच्यासारख्यांना गिऱ्हाईक म्हणूनही उघडले ते १९६०मध्ये.

१९६४च्या नागरी हक्क कायद्यानं नोकरीतला लिंगभेद बेकायदा ठरवला. कॅसिनोंनी तो मनावर घ्यायला वेळ लावला. स्ट्रिपवर बाया डीलर दिसायला सत्तरचं दशक उजाडलं, आणि कॅसिनो व कामगार संघटनांनी समान संधी आयोगाबरोबर समझोता करून ही दारं रीतसर उघडली ती १९८१मध्ये.

आत गेल्यावर पुढचं सुरू झालं. रिनोच्या हॅराज कॅसिनोत डार्लीन जेस्परसन जवळजवळ वीस वर्षं बारटेंडर होती, कामात वाकबगार. २०००मध्ये कंपनीनं नियम काढला. बायांनी पावडर, गालाला लाली, डोळ्यांना मस्कारा, ओठांना लिपस्टिक लावायची आणि केस फुगवून किंवा वळवून सजवायचे. पुरुषांनी केस कापायचे आणि नखं. ती नको म्हणाली. चेहऱ्यावर थर चढवला की मला मी वाटत नाही, काम सुचत नाही, असं तिचं म्हणणं. नोकरी गेली. २००६मध्ये अपील कोर्टानं सात विरुद्ध चार मतांनी तिच्या विरोधात निकाल दिला. हा नियम बायांवर जास्त ओझं टाकतो याचा पुरावा तिनं दिला नाही, असं सातांचं म्हणणं. लिपस्टिकला पैसे लागतात आणि लावायला वेळ लागतो, याचा पुरावा! त्या न्यायमूर्तींना एक दिवस सक्काळी सात पस्तीसच्या बसला उभं करायला हवं होतं, पूर्ण सजून.

अमेरिकेतल्याच अटलांटिक सिटीच्या बोर्गाटा कॅसिनोत तर दारू वाढणाऱ्यांना वजनाची अट होती. नोकरीला लागताना जे वजन, त्याच्या सात टक्क्यांहून जास्त वाढलं तर कारवाई. बावीस जणी कोर्टात गेल्या. २०१३मध्ये खालच्या न्यायालयानं कॅसिनोच्या बाजूनं निकाल दिला. अटी ठाऊक असून त्यांनी सही केली होती, हे कारण. सही केली होती हे खरंच. नोकरी हवी असलेला माणूस कशावर सही करत नाही?

आपल्याकडे याच्या तोडीस तोड आहे. १९१४चा पंजाब अबकारी कायदा दिल्लीत लागू होता. जिथे लोक बसून दारू पितात तिथे कोणत्याही बाईला कामाला ठेवायचं नाही, अशी त्यात तरतूद. म्हणजे मुलीनं हॉटेल मॅनेजमेंटची पदवी घ्यायची, बारचा पेपर पास व्हायचा आणि बारमध्ये उभं राहायचं नाही. ही तरतूद सर्वोच्च न्यायालयानं रद्दबातल ठरवली डिसेंबर २००७मध्ये. बाईला धोका असेल तर धोका हटवा, बाईला हटवू नका, असा त्या निकालाचा रोख. आपल्या महाराष्ट्रानं त्याच सुमारास, २००५मध्ये, डान्सबारमधला नाच बंद केला. बायांच्या प्रतिष्ठेसाठी. तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट होती, तिथे प्रतिष्ठेला धोका नसावा. या बंदीनं ७५ हजारांवर बाया बेकार झाल्या, असं न्यायालयापुढे आलं. उच्च न्यायालयानं २००६मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१३मध्ये बंदी घटनाबाह्य ठरवली. तोवर त्या बाया कुठे कुठे गेल्या असतील, ते कोणी मोजलं नाही.

रात्रीची ड्युटी वाईट, असं म्हणणाऱ्यांनी एकदा नागपूरच्या मेयो किंवा मेडिकल हॉस्पिटलात रात्री दोनला चक्कर मारावी. वॉर्डच्या वॉर्ड बायांच्या जिवावर चाललेले असतात. १९४८च्या कारखाना कायद्यानं बाईला संध्याकाळी सातनंतर यंत्रावर मनाई केली, नर्सला कोणी केली नाही.

इथे माझं मत सांगून टाकते, नाहीतर कोणीतरी म्हणेल मी जुगाराची वकिली करतेय. मला जुगाराचा तिटकारा आहे. सट्टापट्टीनं बसलेली घरं मी माझ्या काउंटरवरून पाहिली आहेत. सोन्यावरचं कर्ज घ्यायला बायको येते आणि नवरा बाहेर स्कूटरवर बसून राहतो. आयपीएलच्या मोसमात एफडी मुदतीआधी मोडायला येणाऱ्यांचे चेहरे आम्ही लांबून ओळखतो. उद्या सगळे अड्डे आणि सगळे कॅसिनो बंद झाले तर मी पेढे वाटेन. पण सरकारनं परवाना दिलेला आहे, कर घेतला जातोय, पुरुष तिथे सन्मानानं नोकरी करतोय, तर त्या टेबलावर बाईच का अशुभ? धंदा वाईट असेल तर सगळ्यांसाठी असू द्या.

आमच्या सोसायटीतली एक पोरगी पणजीला मांडवी नदीतल्या एका कॅसिनो-जहाजावर डीलर आहे. गंमत बघा, महाराष्ट्रानं कॅसिनोचा कायदा केला होता १९७६मध्ये, तो कधी अमलातच आणला नाही, आणि २०२३मध्ये रद्द करून टाकला. गोव्यानं आपला जुगाराचा कायदा केला तोही १९७६चाच, आणि पुढे दुरुस्त्या करून आधी हॉटेलात मशिनी आणि मग नदीत जहाजं आणली. म्हणून नागपूरची पोरगी गोव्याला. तिची आई सोसायटीत सांगते, हॉटेल लाईनमध्ये आहे. सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळे मान डोलावतात. त्याच सोसायटीत क्रिकेटची खायवाडी करणारा, म्हणजे सट्टा घेणारा, एक जण आहे. गणपतीची सगळ्यात मोठी वर्गणी त्याची आणि आरतीचा पहिला मानही त्याचा.

ती सुटीला आली की माझ्याकडे बसते. आम्हा दोघींना पैसे मोजण्यावर बोलायला आवडतं. टेबल सोडताना ती दोन्ही तळहात एकमेकांवर घासून उलटेपालटे करून वरच्या कॅमेऱ्याला दाखवते, हातात काही नाही म्हणून. घरी चहाचा कप ठेवून उठतानाही कधीकधी तिच्याकडून तसं होतं. युनिफॉर्मला खिसे नाहीत. टिप सगळ्यांची एका पेटीत जाते आणि वाटून मिळते. मी विचारलं, गिऱ्हाईकं त्रास देतात का. म्हणाली, "देतात ना काकू. पण टेबल असते ना मधात. आणि कॅमेरा. त्या माणसाचा हात जरा इकडे आला तर वरून फोन येते. आपल्या बर्डीच्या बसमध्ये कोणता कॅमेरा आहे?" मग जरा थांबून म्हणाली, "मले त्रास पत्त्यांचा नाही. रूम भाड्यानं द्या म्हटलं की मालकीण विचारते कुठे काम करतेस, त्याचा आहे."

गेल्या वर्षी तिच्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली. बायोडेटा माझ्याच कॉम्प्युटरवर टाईप केला. आईचं म्हणणं, व्यवसायाच्या रकान्यात 'खाजगी नोकरी' लिहावं. पोरीनं कॅसिनो लिहायला लावलं, आणि पगाराच्या रकान्यात टिप धरून पूर्ण आकडा. आई म्हणाली, आता कोणी फिरकायचं नाही. पण फोन आले. एका घरून तर मुलाचे आईवडील स्वतः आले. मुलगा मिहानमध्ये, म्हणजे नागपूरच्या नव्या उद्योगक्षेत्रात, अमेरिकेच्या वेळेनुसार रात्रपाळी. चहापोहे झाले, आणि मुलाच्या वडिलांनी घसा साफ करून मुद्दा काढला. मुलगी चांगली आहे, घर चांगलं आहे, पण हे काम आमच्या घराण्यात चालणार नाही, लग्नानंतर सोडावं लागेल.

मुलाची आई लगेच मध्ये पडली. "अहो, एकदम कशाले? फ्लॅटचे हप्ते फिटेपर्यंत करू द्या न तिले."